चिंगी कुठे लपली ते चित्राला सांगू द्या

‘आजीनं हाक मारली. चिंगी काही ओ देईना. ती दोरीवर वाळत घातलेल्या नऊवारीमागे लपली होती.’

मुलांच्या चित्रपुस्तकासाठी ही तीन वाक्यं हातात पडली की चित्रकार बहुतेक वेळा आजी, दोरी, नऊवारी आणि मागून डोकावणारी चिंगी असं सगळं इमानेइतबारे काढतो. मूल एकदा बघतं आणि पान उलटतं. आता तिसरं वाक्य खोडा. आजीची नजर विहिरीकडे वळवा आणि साडीच्या काठाखाली पैंजण घातलेली दोन पावलं तेवढी दिसू द्या. अक्षरओळख नसलेलं मूलसुद्धा तिथे बोट ठेवून ‘ही बघ!’ म्हणून ओरडतं. चित्र आल्यावर स्वतःची वाक्यं काढून टाकायची लेखकाची तयारी हवीच. नाहीतर तीच गोष्ट दोनदा छापली जाते, एकदा शब्दांत आणि एकदा रंगांत.

हे सगळं ठरतं ते डमीत, म्हणजे पुस्तकाच्या कच्च्या नमुन्यात. ए-फोरचे चार कागद मधोमध दुमडून पिना मारल्या की सोळा पानांची वही होते. तिच्यात पेन्सिलीनं काड्यांची माणसं काढली तरी चालतात, पण मजकूर कुठे बसणार ते नक्की दाखवायचं. समोरासमोरच्या पानांच्या सात जोड्या मिळतात. पहिलं आणि शेवटचं पान एकेकटं राहतं. ‘चिंगी कुठे गेली?’ हा प्रश्न उजव्या पानावर आला तरच पान उलटण्यात मजा. प्रश्न डावीकडे आणि उत्तर उजवीकडे असेल तर मुलाचा डोळा आधीच उत्तरावर गेलेला असतो.

जोडपानावर एकच मोठं चित्र असेल तर मधल्या घडीत चेहरा येऊ देऊ नका. डिंकाच्या बांधणीत पुस्तक पूर्ण उघडत नाही आणि आजीचं नाक घडीत जातं. चेहरे, हात, अक्षरं घडीपासून दीड सेंटिमीटर तरी लांब ठेवावीत. बाहेरच्या तिन्ही कडांना चित्र तीन मिलिमीटर जास्त रंगवा, कारण कटिंगमध्ये कागद जरासा सरकला की पांढरी रेघ दिसते.

मजकुरासाठी आधीच मोकळी जागा सोडावी: आभाळ, भिंत, अंगण. देवनागरीला वर वेलांटी आणि खाली उकार, म्हणून दोन ओळींत अंतर जास्त लागतं. पानाफुलांच्या नक्षीवर अक्षरं टाकली की अनुस्वार हरवतो. अक्षरं फक्त काळ्या शाईत छापावीत. चार रंग मिसळून केलेला काळा छपाईत केसभर जरी हलला तरी अक्षराला रंगीत कडा येते. शिवाय तेच पुस्तक उद्या कोंकणीत किंवा गोंडीत काढायचं झालं तर एकच, काळ्या शाईची प्लेट (छपाईचा पत्रा) बदलावी लागते. गडद रंगावर पांढरी अक्षरं केलीत तर ही सोय गेली.

रंगवायला बसण्याआधी चिंगी समोरून, बाजूनं, पाठमोरी आणि बसलेली अशी एका कागदावर काढून भिंतीला लावावी. वेणी एक की दोन, फ्रॉकला खिसा आहे का, हे नवव्या पानावर बदललेलं मुलांना लगेच कळतं. घराचंही तसंच. गोष्ट कोकणातली असेल तर चिऱ्याची भिंत आणि कौलं हवीत. धुराडं असलेलं परदेशी घर कृपा करून नको.

डमी झाली की मजकुरावर कागदाच्या पट्ट्या चिकटवून ती चार वर्षांच्या मुलासमोर ठेवा आणि गोष्ट त्यालाच सांगू द्या. ते जिथे अडेल, ते पान पुन्हा काढायचं.