तुम्ही विचारलंत म्हणून: भूत दिसलं का?

हळदीच्या मांडवात, सोसायटीच्या पूजेला, अगदी लोकलमध्ये चौथ्या सीटवर अर्धं बूड टेकवून बसलो असतानासुद्धा तोच प्रश्न. "तुम्हीच ना ते, रात्री-अपरात्री भुताच्या जागी जाणारे? मग, दिसलं का कधी?" नाही म्हटलं की तुमचा चेहरा पडतो. हो म्हणायची तर सोयच नाही. मी राहतो ठाण्यात, त्यामुळे वेड्यांच्या इस्पितळाचा विनोद तुमच्या ओठांवर तयारच असतो.

तर सरळ उत्तर: दिसलं नाही. तेरा वर्षांत एकदाही नाही. येऊरला रात्री भीती वाटते ती बिबट्याची, आणि ती रास्त आहे. गायमुखच्या घाटात बाई लिफ्ट मागते म्हणतात. मला तिथे दिसतो तो चढ, वळणं आणि धापा टाकत चढणारे कंटेनर. ब्रेक निकामी व्हायला बाई कशाला लागते? राजस्थानातल्या भानगडच्या किल्ल्यावर जाऊन आलो तेव्हा तुम्हा सगळ्यांना पुरातत्त्व खात्याच्या पाटीचा फोटो हवा होता, सूर्यास्तानंतर प्रवेश बंद असल्याचा. आपल्याकडचे कितीतरी संरक्षित किल्लेही सूर्यास्ताला बंद होतात. तिथे कोणी त्या पाटीला भुताचा दाखला म्हणत नाही.

शास्त्रही मी तुम्हाला ऐकवलंय. विक टँडी नावाच्या ब्रिटिश अभियंत्याला प्रयोगशाळेत डोळ्याच्या कोपऱ्यात राखाडी आकृती दिसायची, अंगावर काटा यायचा. शेवटी सापडला तो नवा बसवलेला पंखा. सेकंदाला १९ च्या आसपास कंपनं, कानाला ऐकू न येणारी. १९९८ साली त्याने हे मांडलं. हा किस्सा सांगताना माझी छाती जरा फुगते, हेही कबूल करतो.

"मग जाता कशाला?" हा तुमचा पुढचा प्रश्न. गोष्टीसाठी. भुताची गोष्ट सांगताना माणसाचा आवाज आपोआप खाली येतो ना, त्यासाठी. निरुपद्रवी छंद आहे, कोणाचं काय जातं, असं मी वर्षानुवर्षं सांगत आलो. पुढचं मात्र सहसा सांगत नाही.

नवी मुंबईत, टॉवरांच्या मागे दडलेल्या एका गावठाणात एक विहीर आहे. नाव सांगणार नाही. एका म्हाताऱ्याने मला सांगितलं होतं, फार वर्षांपूर्वी एक बाई पाणी भरताना तिच्यात पडून गेली. बस, एवढंच. एका वाक्याची गोष्ट. आमच्या आठ जणांच्या टोळक्यापुढे एका वाक्यावर रात्र कशी निघणार? मी तिला पांढरी साडी नेसवली. अवसेच्या रात्री वर यायला लावलं. "माझी घागर वर घे," असं म्हणायला लावलं. घागर ही माझी खास कल्पना. पोरं गप्प झाली. पुढे चार-पाच गट तिथे नेले आणि दर खेपेला गोष्ट जरा चढवली.

दोनेक वर्षांनी भर दुपारी एकटाच फोटो काढायला गेलो. आठ-नऊ वर्षांचा एक मुलगा जवळ येऊन म्हणाला, "काका, रातचे नका येऊ. पांढऱ्या साडीवाली घागर मागते." खोटं कशाला सांगू, मला आनंद झाला. माझी घागर गावच्या तोंडी गेली होती! मी त्यालाच विचारत बसलो, अजून काय करते रे ती?

शेजारच्या अंगणात एक आजी बोंबील वाळत घालत होत्या. त्या उठल्या आणि हात न धुताच आल्या.

"तूच का तो? रातचा मानसा घेऊन येनारा?"

मी हो म्हटलं.

"ती माजी आय. शेवाल व्हता पायरीवर, घसारली. पांडरी सारी कुठशी आनलीस रं? सवाशीन जेली ती. हिरव्या लुगऱ्यान नेली तिला. माजा बाप जिता व्हता. तिला रांडमुंड तू केलीस."

मी काहीतरी बोललो. लोक असंच सांगतात म्हणून आम्हीही, असलं काहीतरी. म्हणजे आजींच्या तोंडावर दुसऱ्यांदा खोटं बोललो. मग म्हटलं, आजी, यापुढे हिरवं लुगडंच सांगेन. मला वाटलं, ही दुरुस्ती त्यांना चालेल.

"हिरवा पन नको. काय पन नको सांगू."

आणि परत बोंबील परतायला गेल्या. माझ्या हाताला वास लागला नव्हता, तरी ट्रेनमध्ये मी सारखा हात हुंगत होतो.

तेव्हापासून एक गोष्ट डोक्यातून जात नाही. ठाण्याच्या जेलमध्ये, म्हणजे जुन्या किल्ल्यात, १९ एप्रिल १९१० रोजी कान्हेरे, कर्वे आणि देशपांडे या क्रांतिकारकांना नाशिकचा कलेक्टर जॅक्सन याच्या खुनासाठी फाशी दिलं. त्यांचं भूत मला आजवर कोणी सांगितलेलं नाही. घाटाघाटांत मात्र पांढरी साडी. बाळंतपणात गेली की हडळ, विहिरीत गेली तरी हडळ. यावर माझ्यातला जुना, छाती फुगवणारा गडी लगेच उठतो: शनिवारवाडा विसरलास? ३० ऑगस्ट १७७३, नारायणराव, तो काय बाई होता? आणि मुंजा? बरोबर आहे त्याचं. पण नारायणरावाला निदान नाव आहे, तारीख आहे. त्या विहिरीतल्या बाईचं नाव मी दोन वर्षांत कोणाला विचारलं नव्हतं. त्या दुपारीही विचारलं नाही.

आणि अजून एक. दिसलं नाही म्हणालो, ते खरं. ऐकलं मात्र एकदा. आजींनी झापल्यानंतरच्या पावसाळ्यात रात्री तिथे एकटा गेलो होतो. माफी मागायला की खात्री करायला, मलाच ठाऊक नाही. कठड्याशी उभा होतो आणि खालून आवाज आला, घागर बुडवून भरताना येतो तसा, बुड्‌बुड्‌बुड् आणि मग जड शांतता. बेडूक असेल, झऱ्याचं पाणी असेल. टँडीचा पंखा तिथे नव्हता, एवढं नक्की. घागर मीच आणली होती, हे जगात मला एकट्यालाच पक्कं ठाऊक होतं, आणि तरी मी मेन रोडपर्यंत पळत सुटलो. एक चप्पल तिथेच राहिली.

ती आणायला दिवसासुद्धा गेलो नाही. वाटेत ते अंगण लागतं.