जुने गोवे ते पणजी: सायकलने कामाला

जुन्या गोव्याहून रायबंदरमार्गे पणजीचे पाटो साधारण १० किलोमीटर. ताशी १५ च्या निवांत वेगाने ४० मिनिटे, पण सुरुवातीला तासभर हाताशी ठेवा. पहिली फेरी रविवारी मारून पाहा. कदंब पठारावरचा बायपास रुंद आहे, पण चढ आहे आणि गाड्या सुसाट. नदीकाठचा जुना रस्ताच बरा.

रायबंदर गावात रस्ता अरुंद, घरे अगदी रस्त्याला लागून. इथे कडेला चिकटून चालवणेच जास्त धोक्याचे. उभ्या गाडीचे दार उघडले तर पळायला जागा उरत नाही. मीटरभर अंतर सोडून सरळ रेषेत चला. गाड्यांमधल्या फटींत आत-बाहेर केले की मागच्याला तुमचा अंदाज येत नाही. बस थांब्याकडे वळत असेल तर तिच्या डावीकडून घुसायचे नाही. चोडणची फेरीबोट लागली की धक्क्यावरून स्कूटरींचा लोंढा एकदम बाहेर पडतो. तो जाऊ द्यावा.

पुढे १६३३-३४ साली बांधलेला कॉजवे. एका अंगाला मांडवी, दुसरीकडे मिठागरे, त्यामुळे वाऱ्याला आडकाठी नाही. उन्हाळ्यात नशीब चांगले: सकाळी मतलई वारा पाठीशी, संध्याकाळी परतताना खारा वाराही पाठीशी. पावसाळ्यात मात्र सकाळीच तोंडावर. दहा मिनिटे आधी निघा. दिवजा सर्कलला पुलांची आणि बसस्टँडची रहदारी एकत्र येते. सवय होईपर्यंत तिथे उतरून सायकल हाताने न्या, यात कमीपणा नाही.

टायर ३५-४० मिलिमीटरचे घ्या. हवा ५० पीएसआयच्या आसपास (टायरवर लिहिलेली मर्यादा पाहून), पावसात थोडी कमी. रिम-ब्रेक (चाकाच्या कडीला दाबणारे) ओले झाले की आधी पाणी पुसले जाते, मगच पकड येते, म्हणून लवकर दाबा. झेब्रा क्रॉसिंगच्या ओल्या पट्ट्यांवर वळू नका. खाऱ्या हवेत चेन पटकन गंजते; भिजली की पुसून तेल द्या. जादा ट्यूब, टायर लिव्हर (टायर काढायची पट्टी), पंप, मागे लाल दिवा, डोक्यावर हेल्मेट. सॅकने पाठ भिजते, कॅरिअरला पिशवी लावा. पोचल्यावर लगेच शर्ट बदलला तर तोही घामाने भिजतो. दहा मिनिटे पंख्याखाली बसा.

२४ नोव्हेंबरपासून ३ डिसेंबरच्या सेंट फ्रान्सिस झेवियरच्या फेस्तापर्यंत (उत्सवापर्यंत) जुन्या गोव्यात भाविकांची गर्दी असते, तेवढे दिवस बस बरी.