तुम्ही विचारलेत म्हणून : कुमसार झाल्यावर पश्चात्ताप कशाला?

गोव्यात बार्देशातल्या एका शाळेत मी बावीस वर्षे मराठी शिकवले. कोरेज्म, म्हणजे ईस्टरपूर्वीचा आमचा प्रायश्चित्तकाळ, सुरू झाला की स्टाफरूममध्ये कोणी ना कोणी मला मनापासून विचारीत असे, "टीचर, तुम्ही पाद्रीला पाप सांगता, तो क्षमा देतो आणि तुम्ही मोकळ्या होता, मग पश्चात्ताप उरतो कुठे?" निवृत्तीनंतरही हा प्रश्न येतोच, म्हणून आज सविस्तर लिहिते.

चर्चची शिकवण याबाबत स्पष्ट आहे. केलेल्या पापाचे मनात दुःख असणे, त्याचा तिटकारा येणे आणि ते पुन्हा न करण्याचा निश्चय असणे, याला ट्रेंटच्या धर्मसभेने १५५१ साली पश्चात्ताप म्हटले. हे आत नसेल, तर कुमसाराच्या, म्हणजे पाद्रीला पाप सांगण्याच्या, जाळीपाशी कितीही वेळ गुडघे टेकले तरी ते नुसते सांगणे होते. भस्मबुधवारी, आदल्या वर्षीच्या झावळ्यांची राख कपाळी लावण्याआधी, योएल संदेष्ट्याचे जे वचन वाचतात त्यातही हेच मागणे आहे : वस्त्रे नव्हे, हृदय फाडा.

हे मला पाठ होते. तरीही ते मला कळले नव्हते, हे सांगायला मला फार वर्षे लागली.

आठवीच्या वर्गातून सहलीसाठी जमवलेल्या पैशांतली पाचशेची एक नोट हरवली. त्या दिवशी मधल्या सुट्टीत वर्गात एकच मुलगा होता. त्याचे घर गरिबीचे होते आणि तेवढ्यावरून मी सगळ्या वर्गासमोर त्याचे दप्तर उलटे केले. काही सापडले नाही, तरी "खरे बोल" असे मी त्याला पुन्हा पुन्हा म्हणत राहिले. वर्षअखेरीस हजेरीपटाच्या पुठ्ठ्याला घातलेल्या कागदी वेष्टणात ती नोट मिळाली. मी ती कार्यालयात भरली आणि कोणाला काही बोलले नाही. मुलगा पुढच्या वर्षी दुसऱ्या शाळेत गेला होता.

त्यानंतरच्या प्रत्येक कोरेज्मात मी कुमसार केला. "एका मुलावर मी अन्याय केला," एवढेच सांगत असे. शुक्रवारी मांस वर्ज्य केले, मासळीही सोडली. पाचव्या रविवारनंतरच्या सोमवारी गोवा वेल्हा येथे संतांच्या मूर्तींची मिरवणूक निघते, तिच्यात चालले. मोतेतांचे, म्हणजे कोरेज्मात गायच्या भक्तिगीतांचे, सूर कानी पडले की माझे डोळे भरून येत आणि मला वाटे, हाच पश्चात्ताप. त्या अश्रूंना मी खोटे म्हणणार नाही. पण ते येऊन गेले की मन हलके होई, आणि ज्याच्यावर आळ घेतला होता त्याचे ओझे जिथल्या तिथे राही.

एका वर्षी नव्या पाद्रीने माझे ऐकून घेतले आणि विचारले, "हे तुम्ही कोणासमोर केले?" मी म्हटले, वर्गासमोर. ते म्हणाले, "मग ते फक्त माझ्याच कानात का सांगता?" त्यांनी क्षमा दिली आणि प्रायश्चित्त म्हणून त्या मुलाला शोधायला सांगितले. पापाची क्षमा झाली तरी पापाने केलेले नुकसान आपोआप भरून निघत नाही. चोरलेले परत करावे, घालवलेली अब्रू शक्य तितकी परत मिळवून द्यावी, ही चर्चची जुनी शिकवण आहे. लूकच्या शुभवर्तमानातला जकातदार जक्कय येशूला घरी घेतो तेव्हा, मला फार वाईट वाटते, असे म्हणून थांबत नाही. ज्याला लुबाडले असेल त्याला चौपट परत करीन, असे सांगतो. पश्चात्तापाचा आकडा सांगणारा हा माणूस मला तेव्हापासून फार जवळचा वाटतो.

मुलगा डिचोलीला एका गॅरेजमध्ये कामाला होता. आता तो सव्वीस वर्षांचा झाला होता. मी नोट कुठे सापडली ते सांगितले, आणि इतकी वर्षे गप्प राहिले हेही सांगितले. तो हात पुसत उभा राहून ऐकत होता. क्षमा केली, असे तो म्हणाला नाही आणि मीही ते मागितले नाही. थोड्या वेळाने त्याने विचारले, "टीचर, वर्गातल्या बाकीच्यांना सांगितलंत?"

मी सांगितले नव्हते. घरी येऊन जुन्या फोटोच्या मागे लिहिलेली अडतीस नावे मी वहीत उतरवली. कोणी दुबईला आहे, कोणी पुण्याला, एकीचे लग्न होऊन ती सावंतवाडीला गेली आहे. ज्यांचे फोन मिळाले त्यांना फोन केले, काहींच्या घरी गेले, आणि प्रत्येकाला तीच चार वाक्ये सांगितली. दोघांना ती घटना आठवतच नव्हती, एकाने मात्र लगेच त्या मुलाचे नाव घेतले आणि म्हणाला, "म्हणजे त्याने घेतले नव्हते?"

एकतीस जणांना सांगून झाले आहे. या कोरेज्मात उरलेल्या सहांचा पत्ता शोधते आहे.