पनवेल, रात्री पावणेतीन

सोसायटीत कुणी विचारलं की फौजेत कुठं कुठं फिरलात, तर मी लेबनॉन म्हणतो आणि समोरचा खूश होतो. पण खरं सांगू का, मला आधी आठवतं ते पनवेल स्टेशन, रात्री पावणेतीनचं.

आमची पलटण (नंबर सांगत नाही, सवय) काश्मीरचं फील्ड (धोक्याच्या भागातली नेमणूक) संपवून तिरुवनंतपुरमला पीसला (शांत भागातल्या छावणीत) चालली होती. जम्मूला मिलिटरी स्पेशल भरली, ट्रंका, तंबू, लंगरची भांडी, मंदिरातला देवसुद्धा. स्पेशल नाव ऐकून फसू नका, या गाडीला वाटेत कुणीच विचारत नाही, राजधानी गेली, मालगाडी गेली, आम्ही साइडिंगला उभे, डब्यात पत्ते आणि खाली उतरून आंघोळी. पुढं गाडी कोकण रेल्वेवरनं जाणार आणि पनवेलला थांबणार असं कळलं, लगेच घरी फोन केला.

घर म्हणजे कोपरखैरणे. भाऊ वाशी मार्केटला माथाडीत, मुलीची शाळा इथंच, म्हणून आमची ही इथंच राहायची. मी सांगितलं, अकरापर्यंत पोचेन. ही मंडळी साडेदहाच्या पनवेल लोकलनं आली, आणि आमची गाडी पावणेतीनला. मधे चार तास प्लॅटफॉर्मवर. पोरगी भावाच्या खांद्यावर गाढ झोपलेली. हिनं स्टीलचा चारमजली डबा हातात दिला, भाकऱ्या, खर्डा, भरलं वांगं, आणि पहिलं वाक्य काय तर "अहो, किती बारीक झालात." वीस मिनिटांत शिट्टी झाली. पोरगी उठलीच नाही. डबा मी उघडला आणि माझ्या हाताला अर्धी भाकरी लागली, बाकी आमच्या सेक्शननं, म्हणजे तुकडीतल्या पोरांनी संपवली.

पीस म्हणजे आराम असं घरच्यांना वाटतं. कसला आराम, सकाळी पीटी, मग फायरिंग रेंज, गार्ड, इन्स्पेक्शन आलं की झाडांच्या बुंध्यांना गेरू-चुना, आणि फॅमिली क्वार्टरची वेटिंग लिस्ट इतकी लांब की नंबर लागेपर्यंत पलटणच हलायची. त्याआधीचं पीस फिरोजपूरला होतं. जानेवारीतलं धुकं असं की फॉल-इनला, म्हणजे रांगेत उभं राहिल्यावर, शेजारचा दिसायचा नाही. पण एका रविवारी हुसैनीवालाला गेलो, सतलजच्या काठी भगतसिंग, सुखदेव आणि राजगुरूंची समाधी आहे, १९३१ च्या २३ मार्चला लाहोरला फाशी दिल्यावर त्यांना इथंच अग्नी दिला होता. तिथं मी एका पंजाबी म्हाताऱ्याला सांगितलं, राजगुरू आमच्या पुण्याकडच्या खेडचे. त्यानं काही न बोलता पाठीवर हात ठेवला आणि आग्रहानं चहा पाजला.

तिरुवनंतपुरमला जेमतेम स्थिरावलो तर यूएनच्या (संयुक्त राष्ट्रांच्या) शांतिसेनेसाठी पलटणीचं नाव आलं. दिल्लीत ट्रेनिंग, मेडिकल, निळी कॅप, आणि वर्षभरासाठी थेट दक्षिण लेबनॉन. तिथं यूएनची फौज १९७८ पासून आहे, भारताची पलटण १९९८ पासून, दरवर्षी नवीन जाते. आमचा भाग पूर्वेकडचा, समोर हर्मोनचा डोंगर, हिवाळ्यात पांढराफटक, खाली ऑलिव्हची झाडं. लेबनॉन आणि इस्राएलमधली ब्लू लाइन म्हणजे मी समजत होतो मोठं कुंपण असेल. बऱ्याच ठिकाणी नुसती निळी पिंपं, यूएननं रोवलेली! सुमारे १२० किलोमीटरची ती रेषा २००० साली इस्राएली फौज मागं गेली की नाही हे तपासायला आखली. मेंढपाळाला काय त्याचं, मेंढरं चरत चरत पुढं, आणि मग आमची पळापळ. गावात आमचा सगळ्यात लाडका माणूस म्हणजे सीओ (पलटणीचे प्रमुख) साहेब नव्हे, जनावरांचे डॉक्टर साहेब. बकरी घेऊन लोक रांगेत उभे राहायचे, अगदी आमच्या माण तालुक्यातल्या दवाखान्यासारखं, फक्त ओरडाआरडा अरबीत.

घरी फोन करायचा तर हिवाळ्यात साडेतीन तासांचा फरक, माझी ड्युटी आठला संपली की इथं साडेअकरा. पोरगी परत झोपलेलीच. एकदा हिनं फोन तिच्या नाकाशी धरला, नुसता श्वास ऐकला, आणि पैसे कट.

वर्ष संपवून दिल्लीहून त्रिवेंद्रम राजधानीनं सुट्टीवर आलो, उतरलो पुन्हा पनवेललाच. या वेळी पोरगी जागी, पहिला प्रश्न, "पप्पा, काय आणलं?" सगळ्यांनी टीव्ही आणला होता, मी झातारचं पाकीट, रानातला पाला, तीळ आणि आंबट सुमाक कुटून केलेलं, तिकडं रोटीवर तेलात कालवून खातात. घरी भावानं भाकरीवर तेल सोडून भुरभुरलं, एक घास चावला, बराच वेळ विचार केला आणि म्हणाला, "चांगलंय रं, पण आपली जवसाची चटणी कुठं ठेवलीय?"