तुम्ही विचारलंत म्हणून: लेटेकमधले एरर कसे वाचायचे?

"मॅडम, प्रोग्रामिंगचा गंध नाही. गाईड म्हणतात प्रबंध लेटेकमध्येच हवा, आणि कंपाइल केलं की नुसतं लाल. काय करू?" दर सत्रात कोणी ना कोणी हे विचारतंच. (लेटेक म्हणजे मजकुरात आज्ञा लिहून छापील मांडणी करून घ्यायची प्रणाली. त्या फाइलची पीडीएफ बनवणं म्हणजे कंपाइल करणं, आणि ते अडलं की एरर लाल रंगात दिसतात.) मी अर्थशास्त्र शिकवते, कोड मलाही येत नाही. तेव्हा उत्तर माझ्या वकुबाचं: पहिला एरर नीट वाचा आणि तो सुटेपर्यंत खालच्यांकडे ढुंकूनही बघू नका.

कारण एररची यादी म्हणजे चुकांची यादी नव्हे. समजा, इंग्रजी परिच्छेदात तुम्ही एखाद्या चलाचं नाव अंडरस्कोर घालून लिहिलंत. लेटेकच्या लेखी अंडरस्कोर हे गणितातलं चिन्ह, पुढचं अक्षर खाली उतरवणारं. साध्या मजकुरात ते दिसलं की ‘मिसिंग डॉलर इन्सर्टेड’ असं सांगून लेटेक आपल्या मनानेच गणित सुरू करतं. परिच्छेद संपला तरी गणित उघडंच, म्हणून पुन्हा तोच एरर. मधला मजकूर तिरका आणि शब्दांमधल्या जागा गायब. अंडरस्कोरच्या आधी एक बॅकस्लॅश द्या, सगळं एकदम मिटतं.

एररखाली ओळीचा क्रमांक येतो आणि ती ओळ मध्येच तोडून दाखवलेली असते. क्रमांक सगळे बघतात, तोडलेली जागा कोणी बघत नाही. वरचा तुकडा संपतो तिथवर लेटेकने वाचलेलं असतं. ‘अनडिफाइन्ड कंट्रोल सीक्वेन्स’ असेल तर बहुधा त्या तुकड्यातली शेवटची आज्ञाच गुन्हेगार: एकतर स्पेलिंग चुकलंय, नाहीतर पॅकेज (जादा आज्ञांचा संच) घ्यायचं राहिलंय. महिरपी कंसाचं तसं नाही. ठळक अक्षरांसाठी उघडलेला कंस बंद केला नाहीत, तर बिचारं लेटेक परिच्छेद संपेपर्यंत त्याची वाट बघतं आणि मग ‘रनअवे आर्ग्युमेंट’ म्हणून ओरडतं. क्रमांक शेवटचा, चूक वर कुठेतरी. अशा वेळी त्या ओळीपासून उलटं, वर वाचत जायचं.

तरीही सापडलं नाही, तर ‘एन्ड डॉक्युमेंट’ ही आज्ञा प्रकरणाच्या मध्यावर टाकून बघा (कोष्टकाच्या पोटात नको, नवा एरर येईल). त्यापुढचं लेटेक वाचतच नाही. एरर गेला, तर चूक खालच्या अर्ध्यात. मग त्याचेही दोन भाग करा.

मला खरी धास्ती वाटते ती लाल न होणाऱ्या चुकांची. ‘२०११च्या जनगणनेनुसार महाराष्ट्राची साक्षरता ८२.३४% होती’ असं लिहून पुढे चार वाक्यांचं विश्लेषण केलंत. टक्क्याच्या चिन्हापासून ओळीच्या शेवटापर्यंतचा मजकूर लेटेक टिपण समजून सोडून देतं, आणि आपण एंटर न मारता लिहितो तेव्हा अख्खा परिच्छेद ही एकच ओळ असते. छापात ‘८२.३४’ येतं आणि विश्लेषण गायब. तक्रार शून्य. इथेही टक्क्याआधी बॅकस्लॅशच. सबमिशनआधी फाइलमध्ये टक्क्याचं चिन्ह शोधून प्रत्येक जागा बघाच.

मराठीत लिहिणाऱ्यांनी पीडीएफलेटेक या नेहमीच्या कंपायलरच्या (फाइलची पीडीएफ बनवणाऱ्या प्रोग्रामच्या) नादी लागू नये. ‘युनिकोड कॅरेक्टर नॉट सेट अप’ हा एरर आला की कंपायलर बदलून झीलेटेक निवडा. ओव्हरलीफवर (ब्राउझरमध्येच लेटेक लिहायच्या वेबसाइटवर) ते सेटिंगमध्येच मिळतं. देवनागरी फॉन्ट देताना ‘स्क्रिप्ट’ या पर्यायात देवनागरी लिहायला विसरू नका. विसरलात तर एरर येत नाही, पण ‘किंमत’मधली वेलांटी क च्या उजवीकडे जाऊन बसते आणि जोडाक्षरं फुटतात. गाईडना वाटतं तुमचं शुद्धलेखन कच्चं आहे!

आणि ते ‘ओव्हरफुल एचबॉक्स’? ती फक्त सूचना असते, ओळ समासात किती घुसली ते सांगणारी. १ पॉइंट म्हणजे सुमारे ०.३५ मिलिमीटर. एक-दोन पॉइंटांसाठी रात्र जागवू नका. वीस-तीस असतील तर ते वाक्यच थोडं बदलून लिहा.