एअर रायफल घेऊन परदेशात: सामान, कुरिअर आणि सीमाशुल्क

१० मीटर नेमबाजीच्या एका परदेशी स्पर्धेसाठी आमचा लहानसा संघ निघाला, तेव्हा स्पर्धेची शस्त्रे विमानात सामानासोबत न्यायची आणि एक जुनी रायफल त्याच सुमारास दुरुस्तीसाठी तिच्या उत्पादकाकडे कुरिअरने पाठवायची, असे ठरले होते. त्यामुळे दोन्ही वाटांचे नियम एकदमच पाहायला मिळाले. मागून जाणाऱ्यांना पहिली गोष्ट सांगावीशी वाटते ती ही की, वाहक, सीमाशुल्क खाते आणि त्या त्या देशाचा शस्त्रकायदा या तिघांचे प्रश्न वेगवेगळे असतात आणि एकाने दिलेला होकार दुसऱ्यावर बंधनकारक नसतो.

तयारीची सुरुवात कायद्यापासून करावी, तिकिटापासून नव्हे. बहुतेक ठिकाणी मर्यादा ठरते ती नळीतून सुटणाऱ्या छर्र्याच्या ऊर्जेवर, आणि ती ज्यूलमध्ये मोजतात. जर्मनीत ७.५ ज्यूलपर्यंतची आणि पंचकोनात ‘एफ’ हे चिन्ह असलेली हवाई बंदूक प्रौढ व्यक्तीला परवान्याशिवाय बाळगता येते. इंग्लंड आणि वेल्समध्ये रायफलीसाठी ही मर्यादा १२ फूट-पाउंड, म्हणजे सुमारे १६.३ ज्यूल, आणि पिस्तुलासाठी ६ फूट-पाउंड आहे. स्कॉटलंडमध्ये मात्र ३१ डिसेंबर २०१६ पासून त्याच रायफलीला प्रमाणपत्र लागते, तर उत्तर आयर्लंडमध्ये १ ज्यूलच्या वर गेले की ती अग्निशस्त्रांच्या नियमांत येते. कॅनडात सेकंदाला १५२.४ मीटर हा वेग आणि ५.७ ज्यूल ही ऊर्जा, या दोन्ही मर्यादा ओलांडल्या तरच परवान्याचा प्रश्न उभा राहतो. विमान जिथे बदलायचे त्या ठिकाणचा कायदाही पाहावा लागतो, विशेषतः दोन वेगळी तिकिटे असतील आणि सामान मध्येच ताब्यात घेऊन पुन्हा जमा करायचे असेल तेव्हा. कारण त्या क्षणी आपण शस्त्रासह त्या देशात प्रवेश केलेला असतो. एकाच तिकिटावर, सामान शेवटपर्यंत जाईल असा मार्ग थोडा लांबचा असला तरी तोच निवडावा, असे माझे स्पष्ट मत आहे.

यजमान आयोजकांकडून आम्ही प्रत्येक नेमबाजाच्या नावाने पत्र घेतले होते, ज्यात पारपत्र क्रमांक, शस्त्राचा उत्पादक, अनुक्रमांक, ४.५ मिलिमीटर हा नळीचा व्यास आणि ज्यूलमधील ऊर्जा नोंदलेली होती. हा अनुक्रमांक सर्व कागदांवर अक्षरशः एकसारखा हवा. नळीवर कोरलेल्या क्रमांकातला एखादा डॅश कागदावर गळला, तरी तपासणारा अधिकारी तिथेच थांबतो, आणि त्यात त्याचे काही चुकतही नाही.

विमान कंपनीला आगाऊ लेखी कळवून तिची संमती छापील स्वरूपात जवळ ठेवली. तिकीट एका कंपनीचे आणि विमान दुसरीचे असेल, तर प्रत्यक्ष विमान चालवणाऱ्या कंपनीलाच विचारावे. एअर रायफल किंवा तिचा कोणताही भाग केबिनमध्ये नेता येत नाही. ती रिकामी, सेफ्टी फ्लॅग (नळी रिकामी असल्याचे दाखवणारी रंगीत दोरी) घातलेली, कुलूपबंद कडक केसमध्ये जमा सामानात जाते. काउंटरवर ‘क्रीडासाहित्य’ एवढेच म्हणून भागत नाही. क्ष-किरण यंत्रात नळी आणि ट्रिगर स्वच्छ दिसतात, आणि आधी न सांगितलेली वस्तू तिथे सापडणे हे वस्तूपेक्षा अधिक संशयास्पद ठरते.

खरी अडचण रायफलीची नसतेच. ती सिलिंडरची, म्हणजे छर्रा ढकलणारी दाबाखालील हवा साठवणाऱ्या, रायफलीला जोडलेल्या नळकांड्याची असते. दाबाखालील हवा ही धोकादायक मालाच्या २.२ या विभागात मोडते आणि तिला १००२ हा संयुक्त राष्ट्रांचा क्रमांक आहे. स्पर्धेचा सिलिंडर २०० बारपर्यंत भरलेला असतो, तो तसाच विमानात चढवता येत नाही. तो रायफलीपासून वेगळा करून, सोबत मिळणाऱ्या हवा सोडण्याच्या साधनाने सावकाश रिकामा करावा आणि केसमध्ये दाबमापक सहज दिसेल असा ठेवावा. इतके करूनही काही ठिकाणी ते मान्य होत नाही: अमेरिकेतील विमानतळ सुरक्षा यंत्रणेला सिलिंडरचा झडपेचा भाग काढून आतून पोकळी दिसेल असा उघडा सिलिंडर हवा असतो. स्पर्धेच्या सिलिंडरची झडप घरी काढणे हा सुरक्षित उद्योग नव्हे, त्यामुळे अशा मार्गावर सिलिंडर तिकडेच उसना मिळेल का, हे यजमानांना आधी विचारून घ्यावे. तो निर्मितीपासून १० वर्षांच्या आतला आहे ना, हेही पाहावे. त्याहून जुना सिलिंडर आंतरराष्ट्रीय नेमबाजी महासंघाच्या नियमांनुसार चालत नाही. कार्बन डायऑक्साइडच्या लहान कॅप्सूल न्यायच्या फंदात पडूच नये.

छर्रे हे नुसते शिसे. त्यांत स्फोटक नसते. तरीही ते मूळ डब्यांतच, रायफलीपासून वेगळे ठेवावेत आणि ‘दारूगोळा आहे का?’ या प्रश्नाला शांतपणे ‘स्फोटक नसलेले एअर रायफलचे छर्रे आहेत’ असे पूर्ण उत्तर द्यावे. इलेक्ट्रॉनिक ट्रिगरच्या सुट्या लिथियम बॅटऱ्या मात्र केबिनमध्येच न्याव्या लागतात, आणि ही उलटी व्यवस्था केस बंद करण्याच्या घाईत सहज विसरली जाते.

उतरल्यावर केस बहुधा नेहमीच्या पट्ट्यावर येत नाही. ती मोठ्या सामानाच्या खिडकीवर किंवा सीमाशुल्काच्या टेबलावर मिळते. लाल मार्गानेच, म्हणजे घोषित करण्याजोगा माल असलेल्यांच्या वाटेने, जावे आणि प्रवेशाच्या कागदावर शिक्का मागून घ्यावा, कारण परतताना तोच दाखवावा लागतो.

कुरिअरची कथा अधिक किचकट निघाली. एका कंपनीच्या काउंटरवर पार्सल आनंदाने स्वीकारले गेले आणि पुढच्या केंद्रातून ते परत आले, कारण तिच्या अटींत हवाई शस्त्रे निषिद्ध मालाच्या यादीत होती. तोंडी होकाराला अर्थ नाही. वाहकाच्या छापील अटी, आणि तीही ज्या देशात माल जाणार त्या देशापुरत्या, वाचाव्यात. दुसऱ्या वाहकाने लेखी संमतीनंतर माल घेतला. वर्णनात आम्ही ‘एअर रायफल, ४.५ मिलिमीटर, सिलिंडरविना, दुरुस्तीसाठी, परत येणार’ असे लिहिले आणि ९३०४ हे सीमाशुल्क वर्गीकरण दिले, ज्यात स्प्रिंग, हवा किंवा वायूवर चालणाऱ्या बंदुका येतात. छर्रे पाठवायचे असल्यास त्यांचे वर्गीकरण ९३०६ आहे. सिलिंडर मुळीच पाठवला नाही, कारण भरलेल्या सिलिंडरला प्रशिक्षित व्यक्तीने भरलेले धोकादायक मालाचे घोषणापत्र लागते आणि खासगी ग्राहकाकडून असा माल बहुतेक वाहक घेत नाहीत. स्प्रिंगच्या बंदुकीत हा प्रश्न येत नाही, पण गॅस रॅम (स्प्रिंगऐवजी दाबलेल्या वायूचा दट्ट्या) असलेल्या बंदुकीत वायू कायमचा कोंडलेला असतो, तेव्हा ती स्प्रिंगची म्हणून लिहू नये.

माल निघण्यापूर्वी सीमाशुल्क कार्यालयात अनुक्रमांकासह तात्पुरत्या निर्यातीची नोंद करून घ्यावी. ती नसेल, तर आपलीच रायफल परत येताना नवी आयात समजली जाऊन तिच्यावर शुल्क लागू शकते. ज्यांना वारंवार शस्त्रे न्यावी लागतात, त्यांनी दोन्ही देश एटीए कार्ने (शुल्क न भरता माल तात्पुरता परदेशी नेऊन परत आणण्याचा आंतरराष्ट्रीय सीमाशुल्क दस्तऐवज) स्वीकारतात का ते पाहावे. क्रीडासाहित्याच्या तात्पुरत्या आयातीसाठी तो उपयोगी पडतो, मात्र शस्त्रपरवान्याची जागा तो घेत नाही. परतीच्या तयारीत शेवटचा सामना संपताच, रेंजवरच, सिलिंडर पुन्हा रिकामा करावा.