आमची वाटचाल: बांबूचा थर वरून खाली

आमचा पहिला मोठा माल परत आला तेव्हा सोबत दोनच शब्दांची चिठ्ठी होती: ‘ओलं लागतं.’

आम्ही पॅड बनवत नाही. पॅड आणि डायपर बनवणाऱ्यांना लागणारं नॉनवोव्हन बनवतो. उभा-आडवा धागा नसलेलं हे कापड असतं. तंतू पिंजायचे, पातळ पसरायचे आणि पाण्याच्या माऱ्याने गुंतवून किंवा उष्णतेने चिकटवून त्यांची चादर करायची. यात येण्याआधी मी याच धंद्यातल्या एका कारखान्याच्या प्रयोगशाळेत काम करत होते. आठ-आठ तासांची ड्युटी, मधे पॅड बदलायला सवड नाही आणि घरी जाईपर्यंत मांड्या सोललेल्या. टॉपशीट, म्हणजे पॅडचा अंगाला लागणारा सर्वांत वरचा थर, प्लॅस्टिकऐवजी बांबूचा असावा, हे मला तिथेच वाटू लागलं. मावसबहीण हिशेबात पक्की. तिला सांगितलं तर म्हणाली, “ताई, तू माल बघ, बाकीचं मी बघते.” अजूनही कामाची वाटणी तशीच आहे.

सुरुवातीला आमचं स्वतःचं मशीन नव्हतं. बांबू व्हिस्कोसच्या, म्हणजे बांबूचा लगदा विरघळवून केलेल्या तंतूच्या, गाठी घ्यायच्या आणि दुसऱ्याच्या स्पनलेस लाइनवर (पाण्याच्या माऱ्याने तंतू गुंतवणाऱ्या मशीनवर) जॉबवर्क करून घ्यायचं. हातात घेतल्यावर ते कापड इतकं मऊ लागायचं की बघणारा प्रत्येक जण गालाला लावून बघायचा. ऑर्डर त्या मऊपणावरच मिळाली होती, आणि परत आलेला माल तोच होता.

मग मी त्याच टॉपशीटचं पॅड स्वतः एक अख्खा दिवस वापरलं. पहिला तास छान गेला. त्यानंतर मात्र दिवसभर ओलं फडकं अंगाला चिकटल्यासारखं वाटत राहिलं. चिठ्ठी लिहिणाऱ्याचं अगदी बरोबर होतं.

कारण साधं होतं आणि प्रयोगशाळेत इतकी वर्षं काढूनही माझ्या ते लक्षात आलं नव्हतं. टॉपशीटचं काम शोषणं नाही, वाट देणं आहे. नेहमीच्या टॉपशीटमधला पॉलिप्रॉपिलीन या प्लॅस्टिकचा तंतू स्वतः पाणी पीत नाही. त्याच्यावर ओलावा पसरवणारं फिनिश असतं, त्यामुळे द्रव त्या थरातून खाली जातो आणि वरचा थर बराचसा कोरडा राहतो. बांबू व्हिस्कोस म्हणजे शुद्ध सेल्युलोज. ते पाणी नुसतं धरत नाही, फुगतं. ओलं झालं की त्याची ताकद जवळजवळ निम्मी होते, तंतू लुळे पडतात आणि एकमेकांवर बसतात. जो गुण म्हणून मी विकत होते तोच तिथे नडत होता. बांबू चांगलाच होता, त्याची जागा चुकली होती.

दुसरी चूक आमच्या माहितीपत्रकात होती. बांबूचा तंतू ‘नैसर्गिकरीत्या जंतुरोधक’ आहे, असं आम्ही ठळक अक्षरांत छापलं होतं, कारण तंतू विकणाऱ्यांच्या पत्रकातही तसंच होतं. एका ग्राहकाच्या तंत्रज्ञ बाईंनी सरळ विचारलं, “चाचणीचा अहवाल पाठवाल का?” आम्ही तुकडे तपासायला दिले. साध्या व्हिस्कोसमध्ये आणि आमच्या बांबूत काही फरक निघाला नाही. निघणार तरी कसा? बांबूचा लगदा कॉस्टिक सोड्यात भिजवतात, कार्बन डायसल्फाइडने त्याचं रूपांतर करून विरघळवतात आणि ते घट्ट द्रावण बारीक भोकांतून आम्लाच्या बाथमध्ये सोडतात. तिथे जो तंतू तयार होतो तो फक्त सेल्युलोजचा असतो. बांबूत मुळात काही गुण असलाच तरी तो या सगळ्यातून टिकत नाही. अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने याच मुद्द्यावर २००९मध्ये काही कंपन्यांवर कारवाई केली होती आणि २०१०च्या जानेवारीत ७८ विक्रेत्यांना पत्रं पाठवली होती: बांबूपासून केलेल्या रेयॉनला (व्हिस्कोस हा रेयॉनचाच प्रकार) नुसतं ‘बांबू’ म्हणू नका. हे सगळं आधीच जाहीर होतं, आम्हीच वाचलं नव्हतं. उरलेली पत्रकं रद्दीत घातली. आता आमच्या प्रत्येक रोलवर ‘बांबूपासून केलेला व्हिस्कोस’ असं लिहिलेलं असतं. त्यापायी दोन ग्राहक गेले, त्यांना तो जंतुरोधकचा शिक्काच हवा होता. वाईट वाटलं, पण ज्या वस्तूचा संबंध बाईच्या आणि बाळाच्या त्वचेशी येतो तिच्यावर खोटं छापायचं नाही, यावर आम्हा दोघींचं दुमत नव्हतं.

मग बांबू एक थर खाली नेला. टॉपशीट आणि शोषक गाभा यांच्यामध्ये एक थर असतो, त्याला धंद्यात एडीएल म्हणतात. अचानक आलेला द्रव पटकन आत ओढायचा, लांबीत पसरवायचा आणि हळूहळू गाभ्याच्या हवाली करायचा, हे त्याचं काम. गाभ्यात फ्लफ पल्प, म्हणजे लाकडाचा पिंजलेला लगदा, आणि सॅप, म्हणजे पाणी शोषून जेल होणारी पावडर असते. सॅप खूप पाणी धरतं, पण सावकाश. ते शोषेपर्यंत मधल्या थराने द्रव सांभाळायचा असतो.

तंतू पिंजणारं एक जुनं कार्डिंग मशीन आणि गरम हवेची छोटी भट्टी घेतली. बांबू व्हिस्कोससोबत बायकॉम्पोनंट तंतू मिसळायचा. त्याचं आतलं अंग पॉलिएस्टरचं आणि बाहेरची साल पॉलिएथिलीनची. साल साधारण १३० अंशांना वितळते आणि जिथे तंतू एकमेकांना टेकतात तिथे सांधा धरते. बांबू वितळत नाही, फार तापला तर पिवळा पडतो.

महिनाभर एक कोडं सुटत नव्हतं. काही दिवस वेब (पसरलेल्या तंतूंची चादर) घट्ट बांधला जायचा, काही दिवस हाताने ओढला की सुटायचा. भट्टीचं तापमान तेच, वेगही तोच. कार्डिंगवरचे काका एका ढगाळ सकाळी म्हणाले, “ताई, गाठ हाताला गार लागतेय बघा. कोंदट दिवस असला की माल असाच येतो.” त्यांनी बरोबर पकडलं होतं. व्हिस्कोस हवेतला ओलावा ओढून घेतो. नेहमीच्या हवेतही त्यात ११ ते १३ टक्के पाणी असतं, दमट दिवसांत आणखी. भट्टीची उष्णता आधी ते पाणी उडवण्यात खर्च व्हायची, तोवर वेब बाहेर पडलेला असायचा. तेव्हापासून रोज सकाळी आधी ओलावा मोजतो आणि मग भट्टीतला वेग ठरवतो.

कापड बांधलं जायला लागलं, तरी प्रश्न संपले नाहीत. निम्मा बांबू, निम्मा बायकॉम्पोनंट असा पहिला नमुना टेबलावर मांडला. मिठाचं ०.९ टक्क्यांचं पाणी, त्यात निळा रंग, एका वेळी ५ मिली. पहिली ओत क्षणात आत गेली. दुसऱ्या ओतीला निळं पाणी वर थांबलं, भिंगासारखं फुगलं आणि मग हळूहळू कडेने पसरत गेलं. तिसऱ्या वेळी तर थर पार चपटा झाला होता. बोटाने दाबला तर वर उठेना. पुन्हा तेच, ओला बांबू बसला होता. पहिली ओत कुठलंही चांगलं कापड आत घेतं. खरी परीक्षा दुसऱ्या-तिसऱ्या ओतीला असते, कारण वापरातही द्रव एकदाच येत नाही.

नुसतं बांबूचं प्रमाण कमी केलं तर पसरणं कमी व्हायचं. उपाय सापडला तो थर दोन भागांत करण्यात. वरच्या अंगाला फक्त जाड डेनिअरचा, म्हणजे जाडसर तंतूचा, बायकॉम्पोनंट ठेवला. त्यातली पोकळी मोठी असते आणि ओलं झालं तरी ती उभी राहते. खालच्या अंगाला बांबू मिसळलेला बारीक तंतू घातला. द्रव मोठ्या पोकळीतून बारीक पोकळीकडे आपोआप ओढला जातो, उलटा जात नाही. दिव्याची वात तेल ओढते तोच नियम. बांबू आणखी एक पायरी खाली गेला आणि आता त्याचं पाणी ओढणं, धरणं, पसरवणं सगळं कामी यायला लागलं. तिसरी ओत आत गेली, वर वजन ठेवून फिल्टर पेपर दाबला, उचलला. कागदावर निळा डाग अगदी फिकट. मावसबहीण तो कागद उजेडात धरून कितीतरी वेळ बघत होती. तो कागद आम्ही जपून ठेवला आहे.

गाभ्यातला फ्लफ पल्पही बांबूचा करून बघा, असं एका ग्राहकाने सुचवलं. करून बघितलं. पाइनचा तंतू अडीच ते तीन मिलिमीटर लांब, बांबूचा त्याहून आखूड. लगदा सुटा करणाऱ्या हॅमर मिलमध्ये धूळ जास्त उडते आणि गाभा ओला झाला की त्याला भेगा पडतात. थोडा मिसळला तर चालतो, सगळा नाही. तो विषय तिथेच थांबवला.

आमचं कापड प्लॅस्टिकमुक्त आहे का, असं हल्ली प्रत्येक जण विचारतो. नाही. त्यात पॉलिएस्टर आणि पॉलिएथिलीन आहे, हे आम्ही लेखी देतो. व्हिस्कोसबद्दलही एक बोच आहेच. कार्बन डायसल्फाइड तो तंतू बनवणाऱ्या कारखान्यात काम करणाऱ्यांच्या मज्जातंतूंवर परिणाम करतं, म्हणून पुरवठादाराला पहिला प्रश्न ते परत कसं गोळा करता हाच असतो. समाधानकारक उत्तर मिळालं नाही तर गाठ घेत नाही. काही मालासाठी आता बांबूचा लायोसेल घेतो, म्हणजे कार्बन डायसल्फाइड न वापरता केलेला सेल्युलोजचा तंतू. त्यातलं द्रावक ९९ टक्क्यांहून जास्त परत मिळवून वापरतात आणि ओला झाल्यावर तो व्हिस्कोसपेक्षा कमी लुळा पडतो.

सध्या भट्टीत पीएलएच्या (वनस्पतींच्या साखरेपासून केलेल्या प्लॅस्टिकच्या) बायकॉम्पोनंटचा प्रयोग चालू आहे, म्हणजे वरच्या अंगातलंही पॉलिएस्टर जाईल. तापमान जरा चुकलं की वेब आक्रसतो. काल सातवा रोल निघाला. एका कडेने आखडला होता, मधला भाग सरळ आला. काकांनी मधला तुकडा कापून माझ्या टेबलावर ठेवलाय. आता निळं पाणी तयार करायला घेते.